मुकादमाच्या जागी पदवीधर

मुंबईच्या कापडगिरण्यांत विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत माणूस कामावर लावण्याची, त्याला साचा नेमून देण्याची, त्याचा खाडा पडल्यास त्याच्या जागी दुसरा उभा करण्याची आणि मर्जी फिरताच त्याला घरी धाडण्याची सारी मुखत्यारी मालकाकडे किंवा व्यवस्थापकाकडे नसून मुकादमाकडे, म्हणजे गिरणीच्या बोलीत जॉबरकडे, असे. आणि ज्या खात्यांत बायका काम करीत तिथे हाच अधिकार नायकिणीच्या हाती असे. कोकणातून वा घाटावरून आलेला तरुण ज्याच्या ओळखीने फाटकाच्या आत शिरे त्याच्याच हातावर त्याला दस्तुरी ठेवावी लागे, अडीअडचणीला कर्जही पुष्कळदा त्याच्याकडूनच काढावे लागे, आणि राहण्याची सोयही अनेकदा त्याच्याच शब्दावर होई. साहेबाला मराठी येत नसे, कामगाराला इंग्रजी येत नसे, आणि या दोन अज्ञानांच्या मधल्या जागेवर मुकादमाचा अंमल चाले. आज ज्या विद्येला मनुष्यबळ व्यवस्थापन म्हणतात आणि जिच्या पदवीसाठी महाराष्ट्रातील असंख्य तरुण प्रवेशपरीक्षेला बसतात, तिचा आपल्याकडील उगम शोधू गेल्यास तो परदेशी ग्रंथांत सापडण्याऐवजी गिरणीच्या या फाटकापाशीच सापडेल, असे मला वाटते.

१९२९ साली नेमलेल्या आणि अध्यक्षांच्या नावावरून व्हिटली आयोग म्हणून ओळखल्या गेलेल्या शाही कामगार आयोगात नारायण मल्हार जोशी हे एक सभासद होते. मुंबईच्या चाळींतून सोशल सर्व्हिस लीगचे काम उभे केलेल्या या गृहस्थांना मुकादमी म्हणजे काय हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. आयोगाने १९३१ च्या अहवालात अशी शिफारस केली की, नेमणुकीचा आणि बडतर्फीचा अधिकार मुकादमाकडून काढून घ्यावा आणि त्यासाठी गिरणीत स्वतंत्र कामगार अधिकारी ठेवावा; तो सचोटीचा असावा, माणूस ओळखण्याची दृष्टी त्याला असावी आणि कामगारांची भाषा त्याला यावी. पुढे १९३५ पासून मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांची नोंद ठेवून त्यांना क्रमाने काम देण्याची पद्धत सुरू झाली ती याच विचारातून. मुकादम त्यामुळे नाहीसा झाला असे नाही. पण त्याच्या अधिकाराला कागदाचा पहिला लगाम बसला.

स्वातंत्र्यानंतरच्या वर्षात या शिफारशीला कायद्याचे बळ मिळाले. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील ४९ व्या कलमाने, जिथे पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असतील अशा प्रत्येक कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले, आणि निरनिराळ्या राज्यांनी त्याच्या पात्रतेचे व कर्तव्यांचे नियम केले. या नियमांतील एक तरतूद मला फार अर्थपूर्ण वाटते: कामगाराविरुद्धच्या शिस्तभंगाच्या प्रकरणात या अधिकाऱ्याने भाग घेऊ नये आणि व्यवस्थापनाच्या वतीने कामगाराविरुद्ध न्यायाधिकरणापुढे उभे राहू नये, असे अनेक राज्यांच्या नियमांत लिहिलेले होते. म्हणजे ज्याचा पगार मालक देतो, ज्याची बढती मालकाच्या हाती आहे, त्याने मालकाचा वकील मात्र होऊ नये, ही अपेक्षा. व्यवहारात ती किती पाळली गेली हे ज्यांनी कारखान्यांत आयुष्य काढले ते सांगतील; परंतु या व्यवसायाच्या पायाशीच ही ओढाताण आहे, आणि पदवीच्या पहिल्या वर्षीच ती विद्यार्थ्याच्या लक्षात आली नाही तर पुढचे सारे शिक्षण म्हणजे नुसते शब्दांचे पाठांतर ठरते.

कायद्याने पद निर्माण केले तेव्हा ते भरण्याजोगी माणसे घडविणाऱ्या संस्थाही हव्या होत्या. मुंबईत नागपाड्यासारख्या दाट वस्तीत समाजकार्य करणारे अमेरिकन धर्मोपदेशक क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले, तेच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने देवनारला स्थिरावले आणि १९६४ मध्ये त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. १९४७ मध्ये तत्कालीन मुंबई सरकारने परळ भागात कामगारविषयक अध्ययनाची संस्था काढली. आज ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाने चालते. जमशेदपूरला १९४९ मध्ये जेझुइट पाद्र्यांनी एक्सएलआरआय ही संस्था उभारली. तिन्ही संस्थांच्या जागा पाहाव्यात: एक गरीब वस्तीत, दुसरी गिरणगावात, तिसरी पोलादाच्या भट्ट्यांच्या गावात. ज्या माणसांविषयी शिकावयाचे त्यांच्या शेजारी वर्ग भरावेत हा विवेक त्या पिढीला होता. आजच्या अनेक महाविद्यालयांच्या वातानुकूलित वर्गांतून कामगार केवळ पडद्यावरच्या आकृतीत दिसतो, हे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

आजच्या विद्यार्थ्यापुढे वाटा अनेक आहेत. कोणत्याही शाखेचा पदवीधर राज्याच्या सामाईक प्रवेशपरीक्षेतून एमबीए किंवा एमएमएस अभ्यासक्रमाला जाऊ शकतो आणि दुसऱ्या वर्षी मनुष्यबळ हा विशेष विषय घेऊ शकतो; समाजकार्याच्या महाविद्यालयांतून एमएसडब्ल्यूची पदवी घेऊन कारखान्यात शिरणाऱ्यांची एक जुनी परंपरा आहे; आणि नोकरी करता करता संध्याकाळच्या वर्गांना बसून कामगार कायदे व कामगार कल्याण यांची पदविका, जिला पुण्याकडे सारेजण डीएलएल म्हणतात, मिळविणारेही पुष्कळ असतात. या शेवटच्या वर्गाविषयी मला विशेष आदर वाटतो. कारण टाइम ऑफिसात दिवसभर हजेरीपट सांभाळून संध्याकाळी त्याच हजेरीपटामागचे कलम वाचणाऱ्या माणसाला जे कळते ते नुसत्या वाचनाने कळत नाही. दोन वर्षांच्या पूर्णवेळ पदवीला प्रतिष्ठा अधिक, प्रारंभीचे वेतनही बहुधा अधिक. समज अधिक असेलच असे नाही.

हा विषय का निवडलास, असे विचारले तर दहांपैकी बहुतेक विद्यार्थी उत्तर देतात की, मला माणसांत राहायला आवडते. हे उत्तर ऐकले की मनात थोडी शंका येते. माणसांत राहण्याची आवड वधूवर सूचक मंडळ चालविण्यासही पुरेशी ठरावी. या व्यवसायात जे रोज करावे लागते ते म्हणजे माणसांना नकार देणे, आणि तो नकार नियमाने, लेखी, वेळेत आणि ऐकणाऱ्याचा अवमान न करता देणे. शंभर अर्जदारांतून एकाला घेतले की नव्याण्णवांना नाही म्हणावे लागते, रजा नाकारावी लागते, वेतनवाढीचे कारण सांगता येत नसले तरी सांगावे लागते. दुसरा एक वर्ग असा की, ज्याने हिशेब आणि आकडेमोड टाळण्यासाठी ही शाखा घेतली. त्याची निराशा पहिल्याच महिन्याच्या पगारपत्रकाशी होते.

अभ्यासक्रमात भरती, प्रशिक्षण, कार्यमूल्यमापन, वेतनरचना, संघटनेतील वर्तनाचे शास्त्र असे विषय असतात, आणि शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातील १९२० च्या दशकातील प्रयोगांपासून आजवरचे सिद्धांत क्रमाने शिकविले जातात. त्यात आपल्याकडच्या एका प्रयोगाचा उल्लेख अभिमानाने करण्याजोगा आहे. लार्सन अँड टुब्रो या कंपनीने आपल्या मूल्यमापनपद्धतीचा विचार करण्यासाठी अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेतील उदय पारीक आणि टी. व्ही. राव या दोघांना पाचारण केले, आणि त्यांनी माणसाच्या विकासाचा स्वतंत्र विभाग असावा असे सुचविल्यावरून १९७५ च्या सुमारास कंपनीने तसा विभाग स्थापन केला. माणसाची वर्षाकाठी केवळ झडती न घेता त्याच्या वाढीची जबाबदारी पत्करणारा असा विभाग या देशात तोवर नव्हता, असे या क्षेत्रातील जाणकार सांगतात.

सिद्धांतांविषयी एवढे पुरे. कारण विद्यार्थ्याची खरी कसोटी लागते ती कायद्याच्या आणि हिशेबाच्या प्रांतात. ग्रॅच्युइटीचेच उदाहरण घेऊ. १९७२ च्या कायद्याने घालून दिलेला हिशेब असा की, शेवटचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला सव्विसांनी भागावे, पंधरांनी गुणावे आणि सेवेच्या वर्षांनी पुन्हा गुणावे. ज्याचा शेवटचा पगार या हिशेबी सव्वीस हजार आहे आणि सेवा वीस वर्षांची आहे त्याला वर्षाला पंधरा हजार याप्रमाणे तीन लाख रुपये मिळावयास हवेत. महिन्याचे दिवस तीस असता भागायचे सव्विसांनी का, हा प्रश्न मी अनेक पदवीधरांना विचारून पाहिला आहे. सूत्र पाठ असते, कारण ठाऊक नसते. कारण हे की, महिन्यातले चार साप्ताहिक सुट्टीचे दिवस वजा जाता कामाचे दिवस सव्वीसच उरतात, आणि पगार हा त्या सव्वीस दिवसांचाच मोबदला धरला जातो. तीसांनी भागले असते तर याच माणसाच्या पदरी दोन लाख साठ हजारच पडले असते. ज्या लोखंड्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि ज्यांच्या खटपटीने १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळू लागली, त्यांचे ऋण या चाळीस हजारांच्या फरकात असे अप्रत्यक्षपणे जमा आहे. आणि परळच्या संस्थेला त्यांचे नाव का दिले, हे ज्याला कळले त्याला ते सूत्र पाठ करावे लागत नाही.

आता हा सारा प्रांत नव्याने आखला गेला आहे. एकोणतीस केंद्रीय कायदे एकत्र करून संसदेने २०१९ मध्ये वेतनाची आणि २०२० मध्ये औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा व व्यावसायिक सुरक्षा यांच्या अशा चार संहिता संमत केल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अंमलात आल्या. त्यांतील एक तरतूद प्रत्येक पगारपत्रकाला स्पर्श करते: निरनिराळ्या भत्त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाली तर वरचा भाग वेतनातच धरावयाचा, म्हणजे मूळ पगार लहान ठेवून भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांचा भार हलका करण्याची जी जुनी युक्ती होती तिला पायबंद बसला. ठराविक मुदतीवर नेमलेल्या माणसाला एका वर्षाच्या सेवेनंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. कल्याण अधिकारी आता पाचशेऐवजी अडीचशे कामगारांवरच नेमावा लागेल. उलट कामगार कपातीसाठी वा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याची मर्यादा शंभरावरून तीनशे कामगारांवर गेली. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले असे कामगार संघटनांचे म्हणणे आहे, आणि त्या तीनशेच्या आकड्याविषयी ते मला निराधार वाटत नाही. विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र यात एक दुर्मीळ संधी आहे. वीस वर्षे मुरलेला अधिकारी आणि काल रुजू झालेला उमेदवार, दोघेही या संहितांपुढे आज जवळजवळ एकाच इयत्तेत बसले आहेत. जो मूळ मसुदा स्वतः वाचील तो पुढे जाईल.

सर्वांत कठीण, आणि वर्गात सर्वांत उरकून शिकविला जाणारा भाग म्हणजे खातेनिहाय चौकशी. एखाद्या कामगाराने पर्यवेक्षकाच्या अंगावर हात टाकला असा आरोप आहे. व्यवस्थापकाला तो माणूस संध्याकाळपर्यंत फाटकाबाहेर हवा असतो. संघटनेचे पुढारी पाळी बंद पाडण्याची भाषा करीत असतात. आणि मनुष्यबळ विभागातला पंचवीस वर्षांचा पदवीधर या दोघांच्या मधोमध आरोपपत्राचा मसुदा घेऊन बसलेला असतो. आरोप काय, कोणत्या दिवशी, कोणत्या पाळीत, कोणत्या स्थायी आदेशाखाली, म्हणजे कारखान्याच्या मंजूर सेवानियमांतील कोणत्या नियमाखाली, हे इतके स्पष्ट लिहावे लागते की, वाचणाऱ्याला उत्तर देता यावे. उत्तराला पुरेशी मुदत द्यावी लागते. चौकशी अधिकारी असा लागतो की, जो स्वतः त्या प्रसंगाचा साक्षीदार नाही. कामगाराला आपल्या बाजूने सहकारी वा संघटनेचा प्रतिनिधी आणता येतो, साक्षीदारांची उलटतपासणी करता येते, आणि जाबजबाब त्याला समजेल त्या भाषेत नोंदवावे लागतात. चौकशी चालू असता निलंबित ठेवले तर पहिले नव्वद दिवस निम्मा आणि पुढे, विलंब कामगारामुळे नसेल तर, पाऊण पगार निर्वाहभत्ता म्हणून द्यावा लागतो. आणि नव्या संहितेनुसार ही चौकशी सामान्यतः नव्वद दिवसांत पुरी करावयाची आहे. इतके करूनही १९७१ च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यात आलेल्या ११-अ कलमामुळे शिक्षा अपराधाच्या मानाने अधिक आहे असे कामगार न्यायालयास वाटले तर ते ती बदलू शकत असे, आणि तो अधिकार नव्या व्यवस्थेतही राखला आहे. प्रत्यक्षात प्रकरणे कोसळतात ती बहुधा आरोप खोटा म्हणून नव्हे. नोटीस इंग्रजीत दिली, मुदत दोन दिवसांची दिली, उलटतपासणी नाकारली, अशाच कारणांनी ती कोसळतात, आणि मारहाण केलेला माणूस मागील पगारासह परत येतो. त्या दिवशी पदवीधराची जी शोभा होते तिचे मूळ त्याच्या वर्गातल्या गैरहजेरीत असते.

चौकशीचा विषय निघाला की संपाचाही निघतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला मुंबईचा गिरणी संप, ज्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि जो रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, मनुष्यबळाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात किमान आठवडाभर शिकवला जावा असे माझे मत आहे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच संघटनेला प्रातिनिधिक मानले होते आणि ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगारांचा विश्वास मात्र संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेला होता. कायद्याच्या दृष्टीने ज्याच्याशी बोलावयाचे त्याचे ऐकणारे कोणी नव्हते, आणि ज्याचे सारे ऐकत त्याच्याशी बोलण्याची वाट कायद्यात नव्हती. मालकांचे धोरण, जुनी यंत्रे, जमिनींचे वाढते मोल ही कारणे होतीच. पण कागदावरचा प्रतिनिधी आणि खात्यातला पुढारी यांत अंतर पडले आहे हे वेळीच ओळखणे, हे ज्याचे काम असते तो माणूस त्या काळी बहुतेक गिरण्यांत एक तर नव्हता, नाही तर त्याचे कोणी ऐकत नव्हते.

आणि मुकादम? तो गेला असे ज्यांना वाटते त्यांनी चाकण, रांजणगाव किंवा वाळूज येथील कोणत्याही मोठ्या कारखान्याच्या फाटकावर सकाळच्या पाळीला उभे राहावे. आत जाणाऱ्यांपैकी अनेकांच्या गळ्यातले ओळखपत्र कारखान्याचे नसून कंत्राटदाराचे असते. त्यांना गावाहून आणणारा, खोली देणारा, उचल देणारा आणि नको झाल्यावर दुसऱ्या दिवशी न बोलावणारा माणूस आता मजूर पुरवठादार म्हणवतो आणि वस्तू व सेवा कराची पावती देतो. कंत्राटदाराने पगार थकविल्यास तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे १९७० च्या कायद्यापासून चालत आले आहे. म्हणजे दर महिन्याला कंत्राटदाराची पगारपत्रके, निधीची चलने आणि विम्याचा भरणा तपासणे हे मनुष्यबळ विभागाचेच काम होय. कित्येक ठिकाणी ही तपासणी सही-शिक्क्यावर आटोपते. आणि या कामगारांची भाषा आज पुष्कळदा मराठी नसून भोजपुरी वा ओडिया असते, तेव्हा भाषेच्या ज्ञानाची १९३१ ची ती अट पदवीधरापुढे नव्याने उभी राहते.

माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांतील काम याहून वेगळे असते; तिथे भरती आणि माणूस टिकवणे यांतच विभागाचे दिवस जातात आणि अर्जांची पहिली चाळणी संगणकच लावतो. तरी तिथेही २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याखाली, दहा वा अधिक माणसे असली की, ज्येष्ठ स्त्रीच्या अध्यक्षतेखाली अंतर्गत समिती नेमावी लागते आणि नव्वद दिवसांत चौकशी पुरी करावी लागते. म्हणजे चौकशीची विद्या तिथेही चुकत नाही.

तेव्हा तयारी कशी करावी असे विचारणाऱ्याला मी सांगेन की, उन्हाळी प्रशिक्षणासाठी नामांकित कार्यालयाच्या मागे न धावता एखाद्या मध्यम आकाराच्या कारखान्याचे टाइम ऑफिस गाठावे. तिथले स्थायी आदेश सबंध वाचावेत. गेल्या वेतनकराराची प्रत मागून घेऊन मूळ मागणीपत्राशी ताडून पाहावी, म्हणजे काय मागितले आणि काय पदरात पडले यांतून वाटाघाटी म्हणजे काय ते कळेल. एका कामगाराचे पगारपत्रक कागद-पेन्सिलीने स्वतः तयार करावे. आणि कामगार न्यायालयात एक दिवस मागच्या बाकावर बसून एखाद्या बडतर्फीच्या दाव्याचे कामकाज ऐकावे. पदवीला प्रवेश घेण्याआधीच हे करता आले तर अधिक उत्तम. महिनाभर असे बसून ज्याला हे काम रुक्ष वाटले त्याने विक्रीची किंवा वित्ताची शाखा खुशाल घ्यावी, तिथेही पोट भरते. आणि ज्याला महिना संपल्यावर आणखी आठ दिवस थांबावेसे वाटले त्याने प्रवेशाचा अर्ज निःशंकपणे भरावा.